एडिथची पत्रं

रत्नागिरीच्या मांडवीत ‘मालिनी भाटकर कुठं राहतात’ असं विचारलं तर रिक्षावाला एखाद्या वेळी डोकं खाजवील, पण ‘शंखवाल्या बाई’ म्हटलं की थेट दारात आणून सोडील. मालिनीबाईंनी बत्तीस वर्षं मत्स्यालयाच्या संग्रहालयात नोकरी केली. बरण्यांतले मासे, कपाटांतले शंख-शिंपले, त्यांच्याखालच्या नावांच्या चिठ्ठ्या, सगळं त्यांच्या हातचं. नवरा, दत्ताराम, बोटीवर इंजिनरूममध्ये. नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी. घरी येताना ते बायकोसाठी साडी आणायचे नाहीत. रुमालात गुंडाळलेले शंख आणायचे. एक मोंबासाचा, एक मनिलाचा, एखादा नाव विसरलेल्या कुठल्या तरी बंदराचा. मालिनीबाईंना त्यात सगळं पावायचं.

एकुलती एक मुलगी नीरजा. अभ्यासाला बसली की जेवायच्या हाका तिच्या कानापर्यंत पोचायच्या नाहीत, अशी. ती इंजिनीअर झाली, पुढं शिकायला परदेशी गेली आणि नेदरलँड्समधल्या एका कंपनीत रुजू झाली. चिप तयार करणारी यंत्रं ती कंपनी बनवायची. नीरजानं एकदा आईला फोनवर समजावून सांगितलं होतं, “आई, डोक्यावरचा एक केस घे आणि त्याच्या जाडीचे हजारो भाग कर. तेवढ्या बारीक रेघा आमचं यंत्र प्रकाशानं कोरतं. त्या जागच्या जागी आल्या की नाही, हे मोजायचं काम माझं.”

“म्हणजे तू भूमापनवाली,” मालिनीबाई म्हणाल्या होत्या.

“तसंच समज,” म्हणून नीरजा खूप हसली होती.

दत्ताराम गेले त्याला सहा वर्षं झाली. उभा जन्म समुद्रावर काढलेला माणूस घरच्या पडवीत, सकाळच्या चहाच्या वेळी गेला. नीरजा तेराव्यापर्यंत राहिली आणि परत गेली; तिला जावंच लागलं. त्यानंतर मालिनीबाईंनी वह्या लिहायला घेतल्या. मिऱ्यापासून पूर्णगडापर्यंतच्या किनाऱ्यावर कुठला शंख कुठं मिळतो, शास्त्रात त्याचं नाव काय आणि आपल्या बाया त्याला काय म्हणतात, कुठल्या ओहोटीला कालवं काढायची, खुबे शिजवताना त्यात काय घालायचं, कुठली कवडी कुणाच्या देव्हाऱ्यात असते. गुडघे कुरकुरत असताना त्या खडकांवर जायच्या, कालवं काढणाऱ्या बायांशेजारी उकिडव्या बसायच्या आणि विचारून विचारून लिहून घ्यायच्या. अशा नऊ वह्या झाल्या. शेजारची सगुणा, जी बाजारात मासळी विकायची, ती म्हणायची, “काय गो मालिनी, आमच्या तोंडचं लिवून घेतेस, पण वाचणार कोण ता?”

मालिनीबाई हसून पुढचं पान उलटायच्या. त्या नीरजाला फोनवर थोडं थोडं सांगायच्या. नीरजा “हं, हं” करायची आणि पलीकडून कळफलकाचा आवाज यायचा.

मग एका पावसाळ्यात गावातल्या एका वर्तमानपत्रानं नीरजावर लेख छापला. मांडवीची लेक जगातल्या सगळ्यात नाजूक यंत्रावर काम करते, असा. बातमीदार घरी आला होता. मालिनीबाईंनी त्याला घावणे खाऊ घातले, नीरजाचं लहानपण सांगितलं, ती कुठल्या कंपनीत काय करते तेही अभिमानानं सांगितलं. जाता जाता त्यानं शंखांच्या कपाटापुढं उभं करून त्यांचा फोटो काढला आणि लेखाच्या शेवटी दोन ओळी घातल्या: कुणाकडे जुने शंख असतील तर आईंना या पत्त्यावर ई-मेल करा.

एक ई-मेल आला. न्यूझीलंडहून. लिहिणारीचं नाव एडिथ हॉवर्ड. एका छोट्या गावातल्या संग्रहालयातून निवृत्त झाले, नवरा आता नाही, एक म्हातारा कुत्रा आहे, असं तिनं लिहिलं होतं. शंखांविषयी शोधताना तुमचा फोटो दिसला, मराठी वाचता येत नाही म्हणून यंत्राकडून भाषांतर करून घेतलं, तुमच्या मागच्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर आहे तो शंख मोझांबिककडचा आहे का?

तो मोझांबिककडचाच होता. मालिनीबाईंनी त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं.

दोन वर्षांहून अधिक काळ हा पत्रव्यवहार चालला. आठवड्याला एक, कधी दोन. मालिनीबाईंचं इंग्रजी बी.एस्सी.च्या काळातलं, घडी न मोडलेलं. आधी त्या कागदावर लिहायच्या, मग टॅबलेटवर एका बोटानं उतरवायच्या. एडिथ प्रत्येक ओळीला उत्तर द्यायची. एका शिंपल्याच्या नावात झालेली चूक तिनं इतक्या हळुवारपणे दाखवली की मालिनीबाईंना चुकीचाच आनंद झाला. बाईंनी तिला दत्तारामांविषयी लिहिलं. नीरजानं अजिंक्यशी लग्न ठरवलं तेव्हा झालेलं भांडण लिहिलं, जे सगुणालाही ठाऊक नव्हतं. एडिथचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला होता: पांढरे केस, उन्हाची टोपी, एका कानात मोती आणि दुसरा कान रिकामा. घाईत विसरली असेल घालायचा, असं त्यांना वाटायचं, आणि त्या विसरण्यामुळेच ती आपली वाटायची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एडिथनं लिहिलं, तुमच्या वह्यांचं पुस्तक झालं पाहिजे. माझा भाचा पुस्तकांची मांडणी करतो. तुम्ही इंग्रजीत पाठवा, तो नीट लावून देईल. मालिनीबाई चार महिने उतरवत बसल्या. शंखांचे फोटो काढले. आणि ऑगस्टमध्ये ते परत आलं ते खरोखरीचं पुस्तक होऊन. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रत्येक शंखाचं चित्र आणि खाली बारीक अक्षरात: संकलन, मालिनी दत्ताराम भाटकर. बाईंनी टॅबलेट छातीशी धरला.

“नीरजाला पाठवा,” एडिथनं लिहिलं होतं. “लेकीनं पहिलं वाचलं पाहिजे.”

त्यांनी पाठवलं. मग दर फोनला विचारायला लागल्या. उघडलंस? पाहिलंस? नीरजा म्हणायची, आई, यंत्राची चाचणी आहे. आई, रविवारी नक्की. सातव्या वेळी मालिनीबाई चिडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, “नुसतं उघडून बघ गं एकदा. वाचू नकोस हवं तर.”

दुसऱ्या दिवशी फोन आला. “आई, पाहिलं. फार सुंदर झालंय. किती काम केलंयस तू!”

त्या दिवशी मालिनीबाईंनी सगुणाच्या घरी गोडाचा शिरा पाठवला.

*

फेब्रुवारीतल्या एका सकाळी घरासमोर पांढरी गाडी थांबली. बाई मागच्या पडवीत तिसऱ्यांच्या शिंपल्या धूत होत्या. हात पुसत बाहेर आल्या तर दारात पस्तिशीची एक मुलगी आणि तिच्यामागं लॅपटॉपची बॅग घेतलेला एक तरुण.

“मी ऋतिका साळवी. दिल्लीहून आलेय, पण मूळची चिपळूणची,” ती सरकारी ओळखपत्र दाखवत म्हणाली. “हे दर्शन, आमचे तांत्रिक अधिकारी. तुमच्याशी थोडं बोलायचं होतं. नीरजाताईंच्या संदर्भात.”

मालिनीबाईंनी ओले हात पुन्हा पदराला पुसले. गेले बारा दिवस नीरजाचा फोन नव्हता. कामात असेल, म्हणून त्यांनीही केला नव्हता.

“बरी आहे ना ती?”

“तब्येतीनं बऱ्या आहेत. बसा तुम्ही.”

ऋतिकानं शांतपणे, घाई न करता सांगितलं. नीरजाच्या कंपनीच्या संगणकांत कुणीतरी शिरलं होतं. पाच महिने आत राहिलं. रेघा मोजायची ती जी पद्धत होती, जिच्यावर नीरजा आणि तिच्याबरोबरच्या चाळीस जणांनी अकरा वर्षं घालवली होती, ती जशीच्या तशी उचलून नेली.

“चोर?”

“चोरच. पण पगारी. एका देशाच्या सरकारचे.” ऋतिका थांबली. “काकू, आज ज्याच्याकडे सगळ्यात बारीक चिप बनवायचं यंत्र, त्याचं पारडं जड. विमानं, क्षेपणास्त्रं, मोबाइल, सगळं त्यावर. दोन मोठे देश त्यावरून एकमेकांच्या उरावर बसलेत. एका बाजूला हे यंत्र विकायला बंदी आहे. विकत मिळत नाही म्हटल्यावर ते असं घेतात.”

“कुठला देश?”

“ते मी बोलू शकत नाही.”

“आणि माझ्या नीरजाचं त्यात काय?”

“ते नीरजाताईंच्या लॅपटॉपमधून आत शिरले.” ऋतिकानं एक जाडजूड फाइल मांडीवर घेतली, पण उघडली नाही. “तुम्ही एडिथ हॉवर्ड नावाच्या बाईंना पत्रं लिहिता.”

“हो. माझी मैत्रीण आहे. तिचं काय? तिलाही काही झालं का?”

“काकू, एडिथ नाही.”

“गेली?” मालिनीबाईंचा हात तोंडाशी गेला. “परवाच तर पत्र आलंय तिचं!”

“गेली नाही. ती कधी नव्हतीच.”

दर्शननं लॅपटॉपवर एडिथचा फोटो काढला आणि मोठा केला. हा चेहरा जगात कुणाचाच नाही, संगणकानं बनवलाय, असं तो सांगत होता. “हे बघा, चष्म्याची एक काडी वेगळी आहे. एका कानात मोती आहे, दुसऱ्यात नाही. यंत्राला तेव्हा हे जमत नव्हतं.” तो भला मुलगा होता, आवाज खाली ठेवून बोलत होता. मालिनीबाई त्या रिकाम्या कानाकडे बघत राहिल्या.

मग फाइल उघडली. त्यांची सगळी पत्रं त्यात छापून लावलेली. मधल्या मधल्या ओळींवर पिवळा रंग मारला होता. पिवळ्या ओळी एडिथच्या होत्या आणि एकेकट्या वाचल्या तर कुणीही आईला विचारील अशाच होत्या. नीरजा अजून उशिरापर्यंत काम करते का? घरीही कंपनीचाच लॅपटॉप आणते? डोळ्यांना त्रास होत असेल बिचारीच्या. तिच्या हाताखाली किती मुलं आहेत? सुट्टीवर कधी जाणार? आणि प्रत्येक पिवळ्या ओळीखाली मालिनीबाईंचं उत्तर, सविस्तर, कौतुकानं भरलेलं. लेकीविषयी इतक्या आस्थेनं दुसरं कोण विचारत होतं?

“पहिला ई-मेल त्या वर्तमानपत्रातल्या लेखानंतर अकरा दिवसांनी आलाय,” ऋतिका म्हणाली. “त्यांना नीरजाताई हव्या होत्या. त्या कुणाचं काही उघडत नाहीत, सावध आहेत. आईनं पाठवलेलं उघडतील, एवढाच त्यांचा हिशेब.”

“ते पुस्तक,” मालिनीबाई म्हणाल्या.

“हो.”

“नीरजानं कंपनीच्या लॅपटॉपवर उघडलं?”

“जेवणाच्या सुट्टीत. घरचा लॅपटॉप मुलाच्या शाळेसाठी दिला होता म्हणे. अक्षरं नीट दिसण्यासाठी परवानगी द्या, असं त्या फाइलनं विचारलं, त्यांनी ‘हो’ दाबलं.” दर्शननं समोरच्या कागदावर बोट ठेवलं. “बारा वाजून चौदा मिनिटांनी उघडली आणि चाळीस सेकंदांनी बंद केली. त्यांना तेवढं पुरेसं होतं.”

चाळीस सेकंद. मालिनीबाईंनी तो आकडा मनात ठेवला आणि चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. पुस्तक दोनशे बारा पानांचं होतं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “ही पत्रं लिहिणारा एकच माणूस होता का?”

“निदान तिघं असावेत. भाषेवरून वाटतं तसं. पाळीपाळीनं लिहीत असतील.”

“पण शंखांचं त्यांना कळत होतं. माझी चूक काढली होती एकदा. बरोबर काढली होती.”

“त्यासाठी एखाद्यानं अभ्यास केला असेल,” दर्शन म्हणाला. “कामच असतं ते त्यांचं. तुमचं सगळं नीट वाचणं.”

“म्हणजे कुणीतरी वाचलं,” मालिनीबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, आणि ऋतिकानं मान खाली घातली.

दुपारी ऋतिकाच्या परवानगीनं नीरजाचा फोन आला. आवाज बसलेला होता. “आई, ते विचारतील ते सगळं सांग. काही लपवू नकोस.”

“नीरजा, मला माहीत असतं तर मी…”

“आत्ता नको, आई. वकील बसलेत इथं.” आणि फोन ठेवला.

*

टॅबलेट सरकारजमा झाला. पण चार दिवसांनी ऋतिका पुन्हा आली, ती एक विनंती घेऊन. पलीकडच्यांना अजून सुगावा लागलेला नाही. बाईंनी पत्रं लिहीत राहावीत, दर्शन इथं बसेल, ते पुन्हा काही पाठवतील आणि त्याच्या मागावर कुठपर्यंत जाता येतं ते बघता येईल.

“नीरजाला सोडवायला उपयोग होईल?”

“त्यांनी हे मुद्दाम केलं नाही, हे सिद्ध करायला होईल. कंपनीत काही लोकांना वेगळं वाटतंय.”

एवढं ऐकल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पुढचे तीन आठवडे दर्शन रोज सकाळी दहाला यायचा आणि जेवणाच्या टेबलाशी बसायचा. सगुणा दोनदा डोकावून गेली. तिला नीरजाच्या ऑफिसचा मुलगा आहे असं सांगितलं. ज्यांनी आयुष्यात साध्या चिठ्ठीवर चुकीची तारीख घातली नव्हती, त्या बाई आता खोटी पत्रं लिहायला शिकल्या. शंखांविषयी लिहायच्या, आंब्याच्या मोहराविषयी लिहायच्या. उत्तरं यायची, पूर्वीसारखीच गोड. वाचताना त्यांना पूर्वीसारखंच बरं वाटायचं आणि मग त्या बरं वाटण्याचीच किळस यायची.

शेवटी खरं आमिष टाकायचं ठरलं. ऋतिकानं मजकूर सांगितला: फाल्गुनात दत्तारामांच्या तिथीला नीरजा घरी येणार आहे, ऑफिसचं काम इथूनच करणार आहे.

“तिथीचं खोटं लिहू?” मालिनीबाईंनी पेन खाली ठेवलं.

“दुसरं कारण घालू या हवं तर.”

बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. दत्तारामांना खोटं बोललेलं आवडायचं नाही, पण लेकीपुढं त्यांचे सगळे नियम ढिले व्हायचे. “राहू दे,” त्या म्हणाल्या आणि लिहिलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. दर्शन मोठ्यानं वाचायला लागला. तिथीचं वाचून मन भरून आलं, असं एडिथनं लिहिलं होतं. “माझा नवरा गेला त्यानंतर वर्षभर मी दोघांचा चहा टाकत राहिले…”

“दुसरा कप मी कधी ओतून दिला नाही,” मालिनीबाई म्हणाल्या. “थंड झाला की तोही पिऊन टाकायची. तो त्याच्या वाटणीचा म्हणून नाही, फुकट जाऊ नये म्हणून. आपण बायका अशाच.”

दर्शन वाचायचा थांबला. पडद्यावर तेच होतं, शब्दाला शब्द. “तुम्हाला कसं…”

“दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं तिनं मला. ह्यांचं कळल्यावर. तेव्हा मी ते डायरीत उतरवून घेतलं होतं.” त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनीही वर्षभर दोन कप चहा टाकला होता. जगात हे दुसऱ्या कुणाला तरी माहीत आहे, या एका वाक्यावर त्या एडिथच्या झाल्या होत्या. आणि ते वाक्य कुठल्या तरी कचेरीत, दुःखाच्या खणात घालून ठेवलेलं होतं. नव्या पाळीवरच्या माणसाला आधी वापरलंय की नाही हे बघायचीही गरज वाटली नव्हती.

ओट्याला टेकून त्या रडल्या. दत्ताराम गेले तेव्हा घर भरलेलं होतं, खांद्यावर हात ठेवायला माणसं होती. या रडण्याला काय नाव द्यायचं आणि कुणाला सांगायचं? नसलेली मैत्रीण मेली म्हणून कोण सुतक पाळतं? बाहेर दर्शन बिचारा खुर्चीवर अवघडून बसला होता. बऱ्याच वेळानं तो दारापाशी आला आणि म्हणाला, “काकू, चहा मी करू का?”

“नको,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “चहा नको आज.”

त्या पत्राबरोबर फाइल आली होती. दर्शनच्या लोकांच्या हाती तीतून काहीतरी लागलं. काय, ते बाईंना कधी सांगितलं गेलं नाही. पुढचं पत्र पाठवलं तर तो पत्ताच बंद झालेला. निरोपाची ओळसुद्धा नाही. ऋतिका आभार मानून, पाया पडून दिल्लीला गेली.

*

नीरजावर कसलाही आळ राहिला नाही. कंपनीनं लेखी दिलं की तिचा हेतू वाईट नव्हता. पण तिला त्या कामावरून काढून दुसऱ्या इमारतीत, कागदपत्रांच्या विभागात बसवलं. तिचे साहेब राजीनामा देऊन गेले. जुने सहकारी जिन्यात भेटले की मान वळवायचे. मोजायची जी पद्धत तिनं अकरा वर्षं घडवली, ती आता परक्या देशात कुणीतरी वापरत असणार, आणि तिला मात्र जुन्या कचेरीचं दारही उघडायची मुभा नव्हती. एप्रिलच्या शेवटी तिनं नोकरी सोडली आणि मे महिन्यात आठ दिवसांसाठी, अजिंक्यला आणि मुलाला तिकडंच ठेवून, एकटीच रत्नागिरीला आली.

ती वाळली होती. पहिले दोन दिवस नुसती झोपली. मालिनीबाईंनी तिच्या आवडीचं सगळं केलं, फणसाची भाजी, तिसऱ्यांची एकशिपी. ती जेवायची, छान झालंय म्हणायची. ते ‘छान’ ऐकलं की बाईंच्या मनात आकडा फिरायचा, आणि त्या ताटात आणखी वाढायच्या.

तिसऱ्या दिवशी नीरजा म्हणाली, “आई, ते पुस्तक कुठाय?”

“ते नेलं त्यांनी. वह्या आहेत माझ्या.”

“दे ना.”

बाईंनी पहिली वही काढून दिली. नीरजा पडवीत बसली, वही मांडीवर घेतली आणि तशीच बसून राहिली. अर्ध्या तासानं बाई बघायला आल्या तर पुठ्ठाही उलटला नव्हता.

“उघडवत नाही गं,” नीरजा म्हणाली. “वेड्यासारखं आहे, कागद आहे, कळतंय मला. पण हल्ली बिलसुद्धा आलं तर अजिंक्य उघडतो.”

मालिनीबाईंनी वही तिच्या हातून घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

पाचव्या दिवशी दुपारी दोघी आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. हात लाल झाले होते.

“आई, तुला तिची आठवण येते?”

खोटं बोलायला सोपं होतं. तीन आठवडे त्याचा सराव झाला होता. पण लेकीनं प्रश्न खराच विचारला होता.

“येते,” मालिनीबाई म्हणाल्या.

नीरजा उठली आणि परसात गेली. विहिरीपाशी पाठमोरी उभी राहिली. बाई जागच्या हलल्या नाहीत. रातांबा हातात तसाच राहिला. ती आता कधी बोलणार नाही, असं त्यांना वाटलं. पण ती परत आली, पाटावर बसली आणि डोळे वर न करता म्हणाली, “मी ते वाचलं नव्हतं, आई. तू दर फोनला विचारायचीस म्हणून उघडलं, मुखपृष्ठ पाहिलं आणि बंद केलं. तुला म्हटलं सुंदर झालंय.”

“चाळीस सेकंद,” मालिनीबाई म्हणाल्या.

नीरजानं दचकून वर पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“त्या दर्शननं सांगितलं. पहिल्याच दिवशी.”

“आणि तू बोलली नाहीस मला.”

“काय बोलणार? मीच म्हटलं होतं, वाचू नकोस हवं तर.”

नीरजाचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला. तिनं लाल हात तोंडावर घेतले आणि ती हुंदके देत राहिली. बाईंनी तिला जवळ ओढलं. “मी तुझं वाचलं नाही,” ती म्हणत होती, “आणि त्यांनी सगळं वाचलं, आई, सगळं.” मालिनीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. राग आला होता का? आला होता, आणि तो लेकीवर होता की स्वतःवर, हे त्यांना अजूनही नीट सांगता आलं नसतं. तिच्या पांढऱ्या कुडत्यावर रातांब्याचे डाग पडले. ते धुऊन गेले नाहीत.

जायच्या दिवशी रेल्वेचं तिकीट मिळालं नाही, म्हणून महामार्गावरच्या हातखंब्याहून मुंबईची बस धरायची ठरलं. तिन्हीसांजेच्या आधीच दोघी नाक्यावर पोचल्या. एका टपरीच्या बाकावर सामान ठेवून बसल्या.

“पोचले की फोन करते,” नीरजा म्हणाली. “तू लिहू नकोस काही. मेसेजही नको. वकील म्हणालेत, आणखी सहा महिने तरी.”

“बरं.”

“आणि फोनवर पण… जरा जपूनच.”

“बरं गं.”

बस आली. नीरजा वाकून पाया पडली, चढली, खिडकीतून हात केला. बस वळणाआड गेल्यावरही मालिनीबाई उभ्याच होत्या. टपरीवाल्या बाईनं विचारलं, “लेक काय तुमची?”

“हो.”

“मुंबईस ऱ्हाते?”

“लांब. परदेशात.”

“बाई गं! काय करते हो तितं?”

याचं उत्तर मालिनीबाईंनी आजवर किती जणांना, किती लांबण लावून दिलं होतं. केसाचे हजारो भाग, प्रकाशानं कोरलेल्या रेघा. त्यांनी टपरीवालीकडे पाहिलं. साधी, पदरानं घाम पुसणारी बाई. तिच्यापासून कुणाला काही धोका नव्हता. तरी त्यांनी हातातली पिशवी सावरली.

“घरीच असते,” त्या म्हणाल्या, आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे वळल्या.

पुढं नीरजाला तिकडच्या एका शाळेत गणित शिकवायचं काम मिळालं. टॅबलेट परत आला तो आतलं सगळं पुसून. तो त्यांनी सुरू केला नाही. फोन मात्र आता रोज येतो. पूर्वी कधी येत नव्हता इतका. जेवलीस का, गुडघा कसा आहे, मासळी काय भावानं मिळाली. पलीकडे कळफलक वाजत नाही. नीरजा नीट ऐकत असते. आणि बोलता बोलता मालिनीबाई काहीतरी मनातलं सांगायला जातात, थांबतात, आणि पलीकडे नीरजाही थांबलेली असते. मग दोघींपैकी कुणीतरी हवेबद्दल विचारतं.